खिडकीबाहेर काहीतरी जिवंत

थॉर्नबेक गावात क्लिफर्ड मेटकाफच्या घरापुढची बाग क्लिफर्डची नव्हती. ती म्युरिअलची, त्याच्या बायकोची. लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात दोघांनी वाटणी करून टाकली होती: घरामागची जमीन त्याची, पुढची तिची. मागे त्याने बटाटे, कोबी आणि कांदे लावायचे, पुढे तिने काय लावायचं ते तिचं तिने बघायचं, आणि एकमेकांच्या हद्दीत कुणी हत्यार घेऊन शिरायचं नाही. आमच्या खोऱ्यात अशा वाटण्या घरोघरी आहेत. कोर्टातली वाटणी एक वेळ मोडेल, ही मोडत नाही.

वाटणी झाली ते बरंच झालं. क्लिफर्ड आयुष्यभर काउन्सिलच्या रस्त्यांवर कामाला होता. चर उपसायचे, कडेचं गवत कापायचं, कुंपणं छाटायची. त्याने छाटलेल्या कुंपणावर अंडं ठेवलं तरी घरंगळणार नाही, असं लोक म्हणत, आणि तोही ते कधी नाकारत नसे. वाढलेलं, लोंबणारं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवत. रस्त्याकडेला तो फक्त हॉलीला हात लावत नसे. काटेरी पानांचं, लाल फळांचं हे झाड कापलं की घरावर काहीतरी येतं, असं आमच्याकडे मानतात, म्हणून सगळे रस्तेवाले हॉली मध्येच उभी सोडून पुढे सरकतात. क्लिफर्ड चर्चमध्ये लग्नाला आणि मयतालाच जायचा, पण हॉलीपुरता तो पक्का भाविक होता.

म्युरिअलची बाग म्हणजे खिडकीपासून दोन पावलांवर उभी असलेली झुडपं. एक हॉली, दोन महोनिया आणि बुटक्या दगडी भिंतीवर चढलेली आयव्ही. सगळी बारमाही हिरवी, बर्फातही पान न गाळणारी. रस्त्यावरून बघणाऱ्याला तो नुसता झुडपांचा गुंता दिसायचा. पण त्याला कारण होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भयंकर बर्फ पडला. एके सकाळी खिडकीच्या कठड्यावर एक रेन, तो अंगठ्याएवढा तपकिरी पक्षी, गारठून मरून पडलेला तिला सापडला. तिने तो ओंजळीत घेतला आणि चुलीपाशी बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "जानेवारीत खिडकीतून बघितलं तर बाहेर काहीतरी जिवंत दिसायला हवं, क्लिफ. नाहीतर माणसानं मार्चपर्यंत तग धरायचा कसा?"

"जानेवारीत बाहेर बघतंय कोण?" क्लिफर्ड म्हणाला होता. तो अंधारात कामावर जायचा आणि अंधारात परत यायचा.

त्याच वसंतात तिने हॉली लावली. मग महोनिया, कारण ती ऐन नाताळात पिवळी फुलते आणि तिला वास असतो. आयव्ही तिची ती आली. छाटायचं काय ते मार्च संपताना, पाखरांनी शेवटचं फळ खाल्ल्यावर. झुडपं हळूहळू खिडकीच्या निम्म्याहून वर गेली. हिवाळाभर ती संध्याकाळी त्या खिडकीत विणत बसायची आणि आज कोण कोण आलं होतं ते नवऱ्याला सांगायची. तो पेपरातून मान वर न करता "हं" म्हणायचा. इतकी वर्षं त्या खिडकीतून त्याने धड बाहेर बघितलं नव्हतं, हे खरं आहे.

ऑक्टोबरमध्ये म्युरिअलची पाठ दुखायला लागली आणि महिन्याच्या अखेरीस ती लीड्सच्या हॉस्पिटलात होती. डॉक्टर तरुण होता, बोलताना चष्मा पुसत होता. रोग मणक्यात उतरलाय, म्हणाला. करण्यासारखं काही उरलेलं नाही. तिला घरी जायचंय, तर न्या. मात्र उताणं झोपवायचं, उठवून बसवायचं नाही, बसवलं की कळ सहन होणार नाही. वसंत दिसेल का, असं क्लिफर्डने विचारलं. डॉक्टरने चष्मा घातला आणि नाही म्हणाला.

क्लिफर्डला काही वाटलं नाही. डॉक्टरच्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती, तिच्याकडे तो बघत राहिला. परत येताना बसमध्ये त्याने सँडविच खाल्लं. आपल्याला काही वाटत नाहीये हे त्याच्या ध्यानात आलं, पण त्याचंही काही वाटलं नाही.

ती घरी यायच्या आधीच्या आठवड्यात त्याने पुढची खोली रिकामी केली, फरशी घासली, खिडकीच्या काचा पुसल्या. मग हातांना काम उरलं नाही. काचा पुसताना त्याला बाहेरची झुडपं दिसली, उन्हाळाभर वाढलेली, अस्ताव्यस्त. आता भेटायला लोक येणार. नंतर दुसऱ्या कारणानेही येणार, आणि तेव्हा पुढचं दार नीटनेटकं हवं, एवढं आमच्याकडे प्रत्येकाला कळतं. त्याने मागच्या शेडमधून मोठी कात्री आणली, पात्यांवर तेल सोडलं आणि सकाळी सुरुवात केली. दुपारपर्यंत सगळं कमरेएवढं सपाट झालं होतं. हॉलीलाही त्याने सोडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. छाटलेल्या फांद्या त्याने मागे नेऊन पेटवल्या आणि त्या ओल्या असल्यामुळे धूर गल्लीभर पसरला.

त्या धुरापाठोपाठ शेजारची पेगी ऑल्डरसन आली. पेगी म्हणजे विधवा, जिभेला हाड नाही, पण मन मेणाचं. म्युरिअलची ती जुनी मैत्रीण. फाटकात उभी राहून तिने तोंडावर हात ठेवला.

"अरे मेल्या, काय केलंस हे?"

"नीटनेटकं केलं."

"नीटनेटकं! महोनियाला कळ्या धरल्या होत्या की रे! नाताळात फुलली असती. आणि हॉली? फळांनी लगडली होती. हॉलीलासुद्धा सोडलं नाहीस?"

"तोडली कुठे? छाटली फक्त. पुन्हा येईल."

"कधी येईल? हॉलीचं फळ जुन्या फांदीला धरतं. दोन वर्षं लागतील. आहेत का तिच्याकडे दोन वर्षं?" पेगीचा आवाज चिरकला. "ती कशाला घरी येतेय, क्लिफर्ड? तुझं तोंड बघायला? हॉस्पिटलात मी भेटायला गेले तर एकच धोशा. खिडकीपाशी पलंग टाक म्हणावं क्लिफला, या वर्षी हॉली काय धरलीय, पाखरं येतील. मरायला टेकलेली बाई, तिला एवढंच हवं होतं!"

क्लिफर्ड कात्री हातात धरून उभा राहिला. करायला गेलो काय आणि होऊन बसलं काय, एवढं त्याला कळलं. पण ते कळणंही लांबून ऐकू येणाऱ्या रेडिओसारखं होतं. त्याने कात्रीची पाती पुसली आणि ती शेडमध्ये टांगली.

शनिवारी ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर फाटकातून आत येताना म्युरिअलने मान वळवली आणि झुडपांवरून नजर फिरवली. क्लिफर्ड बाजूने चालत होता. 

"केस कापलेस होय रे त्यांचे," ती म्हणाली.

"जास्तच झाले."

"असू दे. तुला इतकी वर्षं धीर धरवला, तेच पुष्कळ."

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पलंग जिल्ह्याच्या नर्सबाईंच्या ऑफिसकडून उसना आला होता, लोखंडी आणि बुटका. दुसरा नाही, आहे तो घ्या, म्हणाले. तो खिडकीला चिकटून लावला. पलंगाच्या दुसऱ्या अंगाला क्लिफर्डने आपली उंच पाठीची खुर्ची ठेवली. म्युरिअलने पहिल्याच दिवशी एक वस्तू मागितली: दाराआडची तिच्या बापाची काठी. बाप मेंढपाळ होता. काठीच्या टोकाला मेंढीच्या शिंगाचा वाकडा आकडा होता.

"काठी कशाला? उठून कुठे जायचंय तुला?" क्लिफर्ड म्हणाला.

"तुला हाणायला. इथून पोहोचेल का बघते." तिने काठी पांघरुणात घेतली आणि ती तिथेच राहिली.

त्या रात्री अंथरुणात पडल्यावर क्लिफर्डने मनाशी एक गोष्ट ठरवली. जानेवारीत तिला खिडकीबाहेर काहीतरी जिवंत दिसलं पाहिजे. झाडाला फळ धरवणं त्याच्या हातात नव्हतं. पण खोऱ्यातल्या रस्त्यांवरची एकूणएक हॉली त्याला पाठ होती, कारण ती त्यानेच सोडलेली होती. कोणती फळते, कोणती नुसतीच वाढते, कोणत्या झाडावर हिवाळाभर एकच दांडगा कस्तूर पहारा देतो आणि दुसऱ्या पाखराला फिरकू देत नाही, सगळं. दुसऱ्या दिवशी दुपारी म्युरिअलचा डोळा लागल्यावर तो सायकल घेऊन गेला आणि गोणीभर लाल फळांच्या डहाळ्या घेऊन आला.

पहाटे, उजाडायच्या आधी, त्याने त्या बांधायला घेतल्या. खिडकीशेजारच्या भिंतीत फुलांची कुंडी टांगायचा आकडा होता, त्याला कंदील लटकवला. हिरवी सुतळी घेतली, म्हणजे दिसू नये. कमरेएवढ्या छाटलेल्या झुडपांवर तो एकेक डहाळी बांधत गेला. बोटं गारठून बधिर झाली, काटे टोचले ते रक्त दिसल्यावरच कळलं. तिला जाग यायच्या आत उरकायचं, म्हणजे तिला वाटेल झाडाचीच फळं आहेत, असा त्याचा हिशोब होता. चाळीस वर्षं बाग केलेल्या बाईला छाटलेल्या झाडावर रातोरात फळं कशी धरली हा प्रश्न पडणार नाही, असं त्याने का धरून चाललं, कोण जाणे. हिशोब तिथपर्यंत गेलाच नसावा.

चहा घेऊन तो आत आला, तेव्हा खिडकीचा जाड पडदा वीतभर उघडा होता. रात्री गार वारं येऊ नये म्हणून त्याने तो स्वतः घट्ट ओढला होता.

"ही ब्रेंडा नर्स," रोज संध्याकाळी येऊन जाणाऱ्या नर्सबद्दल तो पुटपुटला. "काल जाताना पडदा नीट लावता आला नाही तिला."

"तरुण आहे पोरगी," म्युरिअल म्हणाली. "रागावू नकोस."

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "क्लिफ, आज रॉबिन आला होता. हॉलीवर बसला, या कडेला. फळ तोंडात धरून बराच वेळ विचार करत होता."

"फळं आहेत का हॉलीला?" त्याने चेहरा सरळ ठेवून विचारलं.

"आहेत की. छाटल्यावर जोमानं धरतात वाटतं या वर्षी." ती हसली आणि हसताना तिला कळ आली.

मग ते रोजचंच झालं. पहाटे तो बांधायचा, दिवसा पाखरं खायची, संध्याकाळी ती सांगायची. आता तो पेपर बाजूला ठेवून ऐकायचा. खुर्चीत बसलेला असताना त्यालाही काही पाखरं दिसायची: रॉबिन, काळा कस्तूर, एकदा चिमण्यांची टोळी. पण तिला त्याच्यापेक्षा खूप जास्त दिसायचं. आयव्हीतला रेन शेपूट कशी वर करतो, कस्तूर रॉबिनला कसा हाकलतो. तो "हं" म्हणायचा. बरं वाटायला हवं, असं त्याला वाटायचं. तशा सगळ्या भावना आता त्याला शेडमधल्या हत्यारांसारख्या झाल्या होत्या. कोणत्या खिळ्याला काय टांगलंय ते माहीत होतं, पण एकही हातात येत नव्हतं.

पडदा रोज सकाळी वीतभर उघडा सापडायचा. एकदा त्याने ब्रेंडाला टोकलंच.

"सिस्टर, संध्याकाळी जाताना पडदा जरा पाहत जा."

"मी पडद्याला हातसुद्धा लावत नाही, मिस्टर मेटकाफ," ब्रेंडा म्हणाली. "तुम्हीच लावता ना शेवटी?"

त्याने वाद घातला नाही. खिडकीच्या फटीतून वारं येत असेल, त्याने हलत असेल, म्हणून त्याने फटीत वर्तमानपत्र कोंबलं. पडदा उघडा सापडायचा तो सापडतच राहिला.

नाताळच्या आदल्या दिवशी तो घरात लावायला हॉली घेऊन आला. आमच्याकडे म्हणतात, घरात काटेरी हॉली आली तर वर्षभर नवऱ्याचं चालतं, गुळगुळीत पानांची आली तर बायकोचं. खालच्या फांद्या काटेरी असतात आणि शेंड्याची पानं गुळगुळीत.

"कोणती आणलीस?" म्युरिअलने विचारलं.

"हात लावून बघ."

तिने पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. "गुळगुळीत! या वयात झाडावर चढलास? गाढवा, पडला असतास म्हणजे?"

"वर्षभर तुझं चालेल आता."

वर्षभर, असं तो बोलून गेला. मग ती म्हणाली की फ्रूटकेक काप, आणि केकबरोबरचं चीज जाड काप, पेगीसारखं कागदाएवढं नको.

नाताळनंतर रस्त्यांवरच्या हॉल्या पाखरांनी साफ केल्या. सहा जानेवारीला घरोघरची सजावट उतरते, त्या दिवसानंतर हॉली घरात ठेवणं अशुभ. क्लिफर्ड हातगाडी घेऊन दारोदार फिरला आणि लोकांनी बाहेर काढलेली हॉली, दारावरच्या गोल माळा, सगळं गोळा करून आणलं. फळं सुरकुतली होती, पण लाल होती. कुणी काही विचारलं नाही. पेगीने स्वतःची माळ दिली आणि वर सफरचंदांची पिशवी दिली.

"ही पण टोच काट्यांना," ती म्हणाली. "कस्तुरांना आवडतात."

"काल शेंडीवाले आले होते," क्लिफर्डने सांगितलं. "ते उत्तरेकडचे, रेशमी पंखांचे. पूर्ण थवा. म्युरिअलनं बघितले."

पेगी त्याच्याकडे बघत राहिली. "शेंडीवाले? या वर्षी? अरे, खोऱ्यात कुणालाच दिसले नाहीत. मी रोज खिडकीत असते, तुझ्या दारातलं सगळं दिसतं मला."

"मग नेमकी तेव्हा तू चहा ओतत असशील," तो चिडून म्हणाला आणि गाडी ढकलत निघून गेला.

महिना संपता संपता म्युरिअल फार कमी बोलायला लागली. डोळे मिटलेले असायचे. आता तिला कितपत दिसतं, त्याला ठाऊक नव्हतं, तरी तो रोज पहाटे बांधत होता. शेवटच्या आठवड्यात एकदा ती झोपेत असल्यासारखी म्हणाली, "टोपी कानांवर ओढ, क्लिफ." खोलीत तर त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. औषधाच्या गुंगीत बोलतेय, असं त्याने धरलं.

ती गेली ती पहाटेच. तो बाहेर होता. चहा घेऊन आत आला तेव्हा पडदा वीतभर उघडा, तिचं तोंड खिडकीकडे, एक हात पांघरुणाबाहेर काठीवर. आधी त्याला वाटलं झोपली आहे. मग कळलं. त्याने पडदा लावला, तिचा हात आत घेतला, काठी भिंतीला टेकवली. दोन कप चहा ओतलेला होता. वाया जाऊ नये म्हणून त्याने दोन्ही कप संपवले आणि मग पेगीला बोलवायला गेला.

मयत रीतसर पार पडलं. जेवणात हॅम, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, होता, हॅमशिवाय आमच्याकडे मेलेल्याला निरोप दिल्यासारखं वाटत नाही. लोक आले, पुढचं दार नीटनेटकं आहे असं काहीजण म्हणाले. क्लिफर्डने सगळ्यांशी हात मिळवले, सगळ्यांना चहा मिळाला का ते बघितलं. जाताना पेगीने त्याची बाही धरली.

"एकदा रडून घे रे, क्लिफर्ड. असा दगडासारखा बसू नकोस."

"येईल तेव्हा येईल," तो म्हणाला. त्याला खरंच येत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी पलंग परत न्यायला माणसं येणार होती. सकाळी त्याने चादरी काढल्या, उशी झटकली. काठी उचलताना त्याची नजर पडद्यावर गेली. खालच्या बाजूला, उशीच्या थोडं वर, कापड एका जागी ओरबाडल्यासारखं झालं होतं. धागे निघाले होते आणि आत एक भोक पडलं होतं. क्लिफर्डने काठीचा शिंगाचा आकडा त्या भोकाजवळ नेला. अगदी बसला.

ब्रेंडाला आपण उगाच बोललो, हे आधी त्याच्या मनात आलं. पण उभ्याने काठी नीट ओढता येईना. मग त्याने बूट काढले, कारण अंथरुणात बूट घालून गेलेलं म्युरिअलला कधीच खपत नसे, आणि तो पलंगावर तिच्या जागी उताणा झाला. आकडा भोकात अडकवून ओढला. पडदा सरकला, वीतभर.

बाहेर बघायला त्याने मान वळवली. त्याला खिडकीचा कठडा दिसला. कठड्याच्या वर समोरच्या घराचं छप्पर आणि आभाळ. हॉली दिसेना.

आपण वाकडे झोपलोय असं त्याला वाटलं. तो थोडा वर सरकला, थोडा खाली. उशी दुहेरी करून पाहिली, मग आठवलं की तिला एकच उशी चालायची, आणि उशीची घडी उलगडली. हॉली नव्हती. महोनिया नव्हती, आयव्ही नव्हती. झुडपं होती तशी राहिली असती, तर निम्मी खिडकी भरून दिसली असती. त्याने ती कमरेएवढी केली होती, आणि या बुटक्या पलंगावरून ती सगळी कठड्याखाली गेली होती. रॉबिन नाही, कस्तूर नाही, रेनची शेपूट नाही. शेंडीवाल्यांचा थवा नाही. पलंग घरात आला त्या दिवसापासून तिला यातलं काहीही दिसलेलं नव्हतं.

तो तसाच पडून राहिला. मग उठला, मोज्यांवरच बाहेर गेला. झुडपांपाशी जमीन एका जागी तुडवून गुळगुळीत झाली होती, रोज पहाटे तो तिथेच उभा राहायचा. मागच्या शेडमधून त्याने रस्त्यावरच्या कामाचं लांब दांड्याचं दंताळं आणलं, त्याचा दांडा त्या जागी जमिनीत खुपसला आणि वरच्या दात्यांवर आपली टोपी अडकवली. त्याच्या डोक्याइतकी उंची ठेवली. मग आत येऊन पुन्हा तिच्या जागी झोपला.

कठड्याच्या वर, छपराच्या अलीकडे, टोपी दिसत होती. फक्त टोपी आणि खांद्याएवढी मोकळी जागा. शेजारी भिंतीवर कंदिलाचा आकडा.

दारावर थाप पडली, मग दार बाहेरून उघडलं. पलंग न्यायला आलेली दोन माणसं आत आली आणि पलंगावरचा म्हातारा बघून जागीच थबकली. "मिस्टर मेटकाफ?" त्यातल्या मोठ्याने जपून हाक मारली. "बरं आहे ना?"

"हो," क्लिफर्ड म्हणाला.

"आम्ही नंतर येऊ का?"

दुसऱ्या माणसाने खिडकीतून बाहेर पाहिलं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"टोपी बाहेर राहिलीय तुमची. पाऊस येतोय, आणू का आत?"

"नको," क्लिफर्ड म्हणाला. "राहू दे. तिला तेवढंच दिसायचं."

मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि ऑक्टोबरपासून न आलेलं रडणं एकदम आलं. ती दोन माणसं टोप्या हातात घेऊन दाराशी उभी राहिली.